लोकसभेतील प्रश्नोत्तराचा तास



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांला रस्त्यात गाठून विचारले, "अहो, लोकसभेच्या एका दिवसावर बोलण्यासारखे आहे तरी काय? तिथे आरडाओरडा चालतो, हे तर रोज वर्तमानपत्रांत वाचतोच आम्ही." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण बाजारात भांडण झाले म्हणजे गर्दी जमते. तराजू नीट चालला आहे तोवर कोणी थांबून पाहत नाही. तो तराजू कसा चालतो आणि केव्हा बंद पडतो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

जुन्या वर्तुळाकार संसदभवनात आम्ही प्रथम प्रेक्षकांच्या सज्ज्यात बसलो, तेव्हा आमची निराशाच झाली. अकरा वाजले, अध्यक्ष आले, सभागृह उठून उभे राहिले. अध्यक्षांनी एका सभासदांचे नाव पुकारले. ते उठून म्हणाले, "प्रश्न क्रमांक १४१." मंत्री उठले व म्हणाले, "निवेदन सभागृहाच्या पटलावर ठेवले आहे." झाले! प्रश्नही ऐकू आला नाही आणि उत्तरही नाही. दोन्ही छापून आधीच सभासदांच्या हाती पडलेली असतात, हे आम्हांला मागाहून समजले.

खरा खेळ त्यानंतर सुरू झाला. त्या सभासदांनी उपप्रश्न विचारला. छापील उत्तर खात्यातील अधिकाऱ्यांनी तयार केलेले असते. उपप्रश्नाला मात्र मंत्र्यांना स्वतः तोंड द्यावे लागते. अधिकाऱ्यांच्या कक्षातून चिठ्ठ्या येतात खऱ्या, पण चिठ्ठी येईपर्यंत सारे सभागृह मंत्र्यांच्या चेहऱ्याकडे पाहत असते. मूळ प्रश्नकर्त्याला दोन उपप्रश्न. मग अध्यक्ष ज्यांना संधी देतील ते इतर सभासद. सभासद आपल्याच पक्षाचा असला तरी मंत्र्यांची सुटका नसते.

हा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातील सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, पण उपप्रश्नाची नाही. १८९३ च्या फेब्रुवारीत भिंगाच्या महाराजांनी पहिला प्रश्न विचारला. तो कशाविषयी होता? सरकारी अंमलदार दौऱ्यावर निघाले म्हणजे त्यांना रसद पुरविताना गावच्या दुकानदारांचे जे हाल होत, त्याविषयी! १९०९ मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाचा हक्क मिळाला आणि १९१९ च्या सुधारणांनंतर तो सर्वच सभासदांना मिळाला. म्हणजे साहेबाला 'का?' विचारायला परवानगी मिळाल्यावर 'पण का?' विचारण्यासाठी आपल्याला आणखी सतरा वर्षे थांबावे लागले.

आज लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित म्हणजे तोंडी उत्तराचे आणि २३० अतारांकित म्हणजे लेखी उत्तराचे प्रश्न घेतले जातात. पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. त्या वीसांपैकी तासाभरात पाचसहांच्या पलीकडे क्वचितच मजल जाते. उरलेल्यांची उत्तरे लेखीच राहतात, आणि लेखी उत्तराला तिथल्या तिथे उलटून विचारता येत नाही.

या तासाची ताकद पाहावयाची तर १९५७ साल आठवावे. आयुर्विम्याचा धंदा सरकारने १९५६ मध्ये हाती घेतला होता. गावोगावच्या कारकुनांनी, मास्तरांनी पोटाला चिमटा काढून भरलेल्या हप्त्यांचा तो पैसा. त्यांतील सुमारे सव्वा कोट रुपये हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर घेण्यात घातल्याचे उघड झाले, ते लोकसभेतील प्रश्नांमुळे. मग फिरोझ गांधी यांनी प्रकरण लावून धरले. ते सत्ताधारी पक्षाचे सभासद आणि पंतप्रधानांचे जावई. पण विमेदाराच्या पैशापुढे त्यांनी ना पक्ष पाहिला, ना नाते. न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली. ती ऐकायला एवढी गर्दी लोटली, की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले.

पण ज्या हत्याराला धार आहे, त्याचा दुरुपयोगही होतो. १९५१ मध्ये एच. जी. मुद्गल या सभासदांवर मुंबईच्या सराफी व्यापाऱ्यांच्या संस्थेकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचा ठपका आला व त्यांना जावे लागले. त्यांची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते हेच कृष्णम्माचारी! पुढे २००५ मध्ये याच अपराधासाठी दोन्ही सभागृहांतील मिळून अकरा सभासद काढून टाकण्यात आले.

बारा वाजले की कागदपत्रे पटलावर येतात, शून्य प्रहरात तातडीची गाऱ्हाणी निघतात, दुपारी विधेयके कलमवार चालतात आणि शुक्रवारी काही वेळ खाजगी विधेयकांचा असतो. एक गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे. मंत्री पुष्कळदा म्हणतात, "माहिती गोळा करण्यात येत आहे." हे शब्द वाऱ्यावर जाऊ नयेत म्हणून दादासाहेब मावळंकर अध्यक्ष असताना, १९५३ मध्ये, आश्वासन समिती नेमण्यात आली. मंत्र्यांच्या अशा शब्दाची नोंद होते आणि तीन महिन्यांत त्याची पूर्तता अपेक्षित असते.

श्रोतेहो, हा तास आणीबाणीत, १९७५ मध्ये, बंद ठेवण्यात आला होता. २०२० च्या साथीतल्या अधिवेशनातही तोंडी प्रश्न झाले नाहीत, लेखी तेवढे राहिले. पण ठराव न करताही तो बंद पडतो. सभासद घोषणा देत अध्यक्षांपुढे धावतात, कामकाज तहकूब होते, आणि बाहेर कोणी म्हणतो, "सरकारला आज चांगलेच धारेवर धरले!" आम्ही म्हणतो, धारेवर धरले कुठे? सुटका केली! उपप्रश्नाच्या भीतीने रात्री जागून तयारी केलेले मंत्री सुखाने घरी गेले. दंगा विरोधकांनी केला असो वा सत्ताधाऱ्यांनी, त्या दिवशी विमेदाराचा प्रश्न बुडाला तो बुडालाच.

यात आपण काय करावयाचे? लोकसभेतली प्रश्नोत्तरे प्रसिद्ध होतात, कोणालाही पाहता येतात. मते मागायला येणाऱ्यांना आपण रस्ता आणि नळ विचारतो; त्याबरोबर एवढेही विचारावे, "तुम्ही कोणते प्रश्न विचारलेत, आणि उत्तर आल्यावर पुढे काय केलेत?" शिवाय त्यांना गावची नेमकी माहिती, तारखा आणि आकडे पुरवावेत. चांगला प्रश्न बहुधा दिल्लीत जन्मत नाही. भिंगाच्या महाराजांचा प्रश्नही कोणा खेड्यातल्या दुकानातच जन्मला होता.

 अध्यक्षांची अनुमती असेल तर श्रोत्यांनी आता आम्हांला उपप्रश्न विचारावेत. आमच्याजवळ चिठ्ठी पाठविणारा अधिकारी नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.