संगणकाकडून फळ्याकडे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी बोलावयास सांगितले तेव्हा मी म्हटले, मला भाषणाची सवय नाही. त्या म्हणाल्या, "चांगली नोकरी सोडून तुम्ही शिक्षिका का झालात, एवढेच सांगा. बायका मला विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही." तेव्हा आज मी तेवढेच सांगणार आहे.

2001 साली अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले आणि 2016 पर्यंत तेच काम केले. हे काम म्हणजे काय, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आमच्या सासूबाई तर कित्येक वर्षे "सून टायपिंगला जाते" असे सांगत. यंत्राने करावयाच्या कामाची एकेक पायरी लिहून द्यायची, की यंत्र ती निमूटपणे पाळते. आपली चूकही तितक्याच निमूटपणे पाळते. मग ती चूक शोधीत बसायचे. तिला आम्ही 'बग', म्हणजे किडा म्हणतो. मला हे काम आवडत असे. त्याला कंटाळून मी पळाले, असा कोणाचा समज असेल तर तो खरा नाही.

2014 साली असे झाले की, विम्याच्या व्यवहारासाठी तीन वर्षे खपून आम्ही लिहिलेली सारी प्रणाली वरिष्ठांनी एका पत्रासरशी बंद केली. माझ्या हाताखालच्या एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. मला काहीच वाटले नाही. मी डबा खाल्ला व दुसऱ्या कामाला लागले. रात्री मात्र झोप येईना. वाईट वाटले नाही, याचेच भय वाटत होते.

त्याच हिवाळ्यात आपल्या मंडळाच्या शनिवारच्या अभ्यासवर्गाला कोणी गणित शिकवणारे मिळेना, म्हणून मला बोलावणे आले. तिथे चौथीतली एक मुलगी 42 मधून 17 वजा करून 35 लिही. दोनदा समजावून सांगितले, तरी 35 च. "लक्ष नाही तुझे," असे मी म्हणणार होते, पण सवयीने थांबले. मनाशी म्हटले, यंत्र लक्ष नाही म्हणून चुकत नाही, ते काहीतरी नियम पाळीत असते. पाहू लागले तो खरेच, मुलगी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करीत होती, मग तो वर असो की खाली! सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. मी तिला 61 वजा 34 घातले आणि उत्तर 33 येईल असे मनात धरले. बरोब्बर 33 आले. भगिनींनो, पंधरा वर्षांत पगारवाढीच्या पत्रानेही मला इतका आनंद झाला नव्हता. पुढे काड्यांच्या जुड्या सोडून उसना दशक दाखवला, तेव्हा तिचे तिलाच हसू आले.

हा शोध माझा नव्हे, हे नंतर कळले. 1978 साली जॉन सीली ब्राउन व रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांवर निबंध लिहून, पुष्कळशा चुका म्हणजे इमानाने पाळलेले चुकीचे नियम असतात, असे दाखवले होते. तसल्या चुका करणारा एक प्रोग्रॅमच त्यांनी रचला होता. त्यावर शिक्षकांनी चूक ओळखण्याचा सराव करायचा.

निर्णयाला मात्र दीड वर्ष लागले. घराचे हप्ते चालू होते आणि मुलगा आठवीत होता. यजमानांशी भांडण झाले नाही. पण रोज रात्री एकच हिशेब मांडायचा व तो रोज तितकाच तुटीचा निघायचा, हे भांडणाहून अवघड. शेवटी आम्ही मोटार विकली आणि माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून कर्जाचा मोठा भाग फेडला. म्हातारपणची पुंजी अशी वापरणे शहाणपणाचे होते का, हा प्रश्न अजून मनात येतो. शाळेत सुरुवातीला पगार पूर्वीच्या पाचव्या हिश्शाइतकाही नव्हता. हे ऐकून ज्यांना नोकरी सोडावीशी वाटते त्यांनी आधी आपला हिशेब मांडावा. माझा पुढे करू नये.

बी.एड.चा अभ्यासक्रम पूर्वी एक वर्षाचा होता, तो 2015 पासून दोन वर्षांचा झाला. मला थोडे अगोदर सुचले असते तर! वर्गात मी सर्वांत मोठी, मुली मला 'काकू' म्हणत. पहिल्या सराव पाठाला पस्तीस मिनिटांचे टाचण मी बारा मिनिटांत संपवले आणि खडू हातात धरून उभी राहिले. मागे बसलेल्या बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. एकेकाळी मी वीस जणांचे काम तपासत असे, आणि आता बावीस वर्षांची मुलगी मला फळा वरून खाली पुसायला शिकवीत होती. पगार गेला त्याहून हे मला अधिक झोंबले.

2018 च्या जूनपासून मी पाचवी ते सातवीला गणित शिकवते. किड्यांना तोटा नाही. आपल्या भाषेतच ते दडलेले असतात. 'एकोणतीस' म्हटले की मुलाला 'तीस' ऐकू येते व तो 39 लिहितो. 'एकवीस' म्हणताना एक आधी, लिहिताना दोन आधी. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते तुम्हांला आठवत असेल. मी कंपनीतच असते तर हसणाऱ्यांत सामील झाले असते. वर्गात उभी होते म्हणून हसू आले नाही. 'एकोणतीस' मात्र मला सोडवत नाही. तो शब्द गोड आहे.

शनिवारचा अभ्यासवर्ग अजून याच जागी चार वाजता भरतो. शिकवणाऱ्या आम्ही दोघी आहोत आणि मुले एकोणीस. ज्यांना पाढे येतात त्यांनी जरूर यावे. खडू मी आणते.