मुलांच्या हातीं हिशेब

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे सुशिक्षित घरांत पेढे येतात, आप्तेष्टांचे निरोप येतात आणि मग एकच प्रश्न सर्वांच्या तोंडीं फिरूं लागतो : मुलगा आतां पुढें काय करणार? गुण किती पडले, शाखा कोणती घ्यावी, कोणत्या महाविद्यालयांत जागा मिळेल, याची चर्चा तासन् तास चालते. परंतु ज्याच्याविषयीं ही चर्चा चाललेली असते, त्या मुलास घराचें मासिक भाडें किती, विजेचें बिल किती, त्याच्या स्वतःच्या शिक्षणास गेल्या वर्षीं खर्च किती आला, हें विचारावें तर तो गोंधळून आईकडे पाहतो. सतरा-अठरा वर्षें तो ज्या पैशावर वाढला, त्या पैशाची आणि त्याची ओळख कोणीं करूनच दिलेली नसते.

हा दोष मुलाचा नव्हे. मध्यमवर्गीय घरांत मुलांसमोर पैशाविषयीं बोलूं नये असा एक अलिखित नियम आहे. त्यांत थोडी माया आहे आणि थोडा संकोचही आहे. मुलानें अभ्यास करावा, बाकीचें वडील पाहतील, ही माया. आणि पैशाची भाषा विद्येच्या घरांत शोभत नाहीं, हा संकोच. मुलीच्या बाबतींत तर हा पडदा अधिकच जाड असतो. पुढें तिनें संसाराची काटकसर करावी अशी अपेक्षा असते, पण बँकेचीं कागदपत्रें मात्र तिच्यापुढें कोणी ठेवीत नाहीं. परिणाम असा होतो कीं, ज्या महिन्यांत तरुणाच्या हातीं पहिला पगार येतो, त्याच महिन्यांत त्याला कर्ज देऊं करणारेही दारांत उभे राहतात; आणि या दोहोंशीं कसें वागावें हें तो एकाच वेळीं, कोणाच्याही मदतीवांचून, शिकूं लागतो.

चक्रवाढ व्याजाचें उदाहरण त्यानें शाळेंत सोडविलेलें असतें. पण दरमहा तीन टक्के हे शब्द ऐकून तो दचकत नाहीं, कारण तीन हा आंकडा लहान दिसतो. या दरानें घेतलेले १०,००० रुपये काहींही न फेडतां ठेवले तर वर्षाअखेर ते सुमारें १४,२५८ होतात, आणि दोन वर्षांनीं २०,३२८ च्या घरांत जातात. म्हणजे चोवीस महिन्यांत मुद्दल दुप्पट! गणितांत शंभरपैकीं शंभर गुण मिळविलेला तरुणही या सांपळ्यांत सांपडतो. रीत त्याला येत असते. पण त्या उदाहरणांतील कर्जदार आपणच होऊं शकतों, हें त्याच्या ध्यानांत कधीं आलेलें नसतें.

विहिरीच्या काठावर उभें राहून पोहणें शिकतां येत नाहीं. पूर्वीं मुलाच्या पाठीला भोपळा बांधून त्याला पाण्यांत सोडीत. नाकातोंडांत पाणी जाई, पण मूल बुडत नसे. व्यवहाराच्या शिक्षणांत आईबापांचें घर हाच तो भोपळा होय. जो तोटा पुढें चाळिसाव्या वर्षीं घर विकावयास लावील, त्याची लहानशी चव बाराव्या वर्षीं शंभर रुपयांत घेतां येते. ती घेऊं न देणें ही माया नव्हे.

महाराष्ट्रांतील उद्योगाचा इतिहास या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा. चित्रकार व्हावें म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले, परंतु कांहीं रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांस नीट कळत नाहीं असें आढळून आलें. आजच्या घरांत अशा प्रसंगीं केवढा आकांत होईल! लक्ष्मणराव यांत्रिक रेखाटनाकडे वळले, तेथें रंगांची गरज नव्हती. पुढें मुंबईच्याच तंत्रशाळेंत ते शिक्षक झाले. अपेक्षित बढती दुसऱ्यास मिळाली, तेव्हां ती नोकरी सोडून ते बेळगांवास आले. तेथें भावासह त्यांनीं सायकलींचें दुकान चालविलें, मग कडबा कापण्याचीं यंत्रें केलीं आणि त्यानंतर लोखंडी नांगर केला.

नांगर उत्तम होता. पण तो कोणी घेईना. लोखंडानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळावयास सुमारें दोन वर्षें लागलीं असें सांगतात. मालाचा चांगुलपणा एक आणि गिऱ्हाइकाचा विश्वास दुसरा. पहिला कारखान्यांत तयार होतो, दुसरा शेताच्या बांधावर मिळवावा लागतो. हा धडा त्यांना न विकल्या गेलेल्या नांगरांनींच दिला. पुढें १९१० सालीं बेळगांवची जागा सोडावी लागली, तेव्हां औंधच्या अधिपतींनीं कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन दिली आणि कर्जाऊ पैसाही दिला. तेथें किर्लोस्करवाडी उभी राहिली. तें कर्ज नुसत्या ओळखीवर मिळालें असें समजणें चुकीचें होईल. दुकान, यंत्रें, नांगर, पडलेला माल आणि तरीही न सोडलेला धंदा, एवढी पुंजी त्या माणसाच्या मागें होती. पत ही अशी साठते.

याच कारखान्याचे नांगर विकण्यासाठीं गांवोगांव फिरणाऱ्यांत भाऊराव पाटील नांवाचे एक तरुण होते. नांगर विकतां विकतां त्यांनीं खेड्यांतील दारिद्र्य आणि अज्ञान जवळून पाहिलें. १९१९ सालीं त्यांनीं कऱ्हाडजवळच्या काले या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठीं वसतिगृह उघडलें. तेथें मुलें एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपलीं कामें आपल्या हातांनीं करीत. वसतिगृहांतील मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाई पाटील यांनीं अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिलें. ‘कमवा आणि शिका’ हें तत्त्व या संस्थेनें महाराष्ट्रांत रुजविलें. त्याचा उगम मुलांच्या गरिबींत होता हें खरें, पण त्याचा अर्थ गरिबांपुरताच नाहीं. ज्यानें स्वतःच्या फीचा एक भाग स्वतःच्या श्रमानें भरला आहे, त्याला तासभर चुकविण्याची किंमत कोणीं समजावून सांगावी लागत नाहीं.

तिसरें उदाहरण मुंबईचें आहे. १९५९ सालच्या मार्च महिन्यांत गिरगांवांतील सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन घराच्या गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला. धंद्यांत खोट आली तरी देणगी म्हणून कोणाकडून पैसा घ्यावयाचा नाहीं, असा त्यांचा निश्चय होता. श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही पुढें हजारों स्त्रियांना काम देणारी संस्था त्यांतून वाढली. त्या सात जणींनीं व्यापाराची पदवी घेतलेली नव्हती. परंतु डाळ किती आणली, पापड किती झाले, विक्री किती आली आणि उसन्यांपैकीं किती फिटले, हें पाहिल्यावांचून असा धंदा दुसरा महिनाही पाहूं शकत नाहीं. देणगी नाकारणें म्हणजे खोट झांकण्याचा सोपा मार्ग स्वतःच बंद करणें होय.

शहरांतील घरांना हें कसें करतां येईल? आरंभ अगदीं लहान असावा. मुलास मागेल तेव्हां पैसे देण्यापेक्षां ठरलेल्या तारखेस ठरलेली रक्कम द्यावी, आणि तिच्याबरोबर एक वही द्यावी. डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस खर्च, रात्रीं शिल्लक. रक्कम वीस तारखेस संपली तर पुढचे दहा दिवस ती संपलेलीच राहूं द्यावी. याच ठिकाणीं बहुतेक घरें हरतात. मुलाचें उतरलेलें तोंड पाहवत नाहीं आणि खिशांतून नोट निघते. त्या एका नोटेनें महिन्याचें शिक्षण पुसलें जातें. आजकाल तर मोबाईलवरून पैसे देतांना नोट हातांतून जातांनाही दिसत नाहीं. म्हणून लिहिण्याची गरज पूर्वींपेक्षां कमी झालेली नसून वाढलेली आहे.

मूल दहा वर्षांचें झालें म्हणजे स्वतःच्या नांवाचें बचत खातें स्वतः चालविण्याची मोकळीक रिझर्व्ह बँकेच्या नियमांनीं त्याला दिलेली आहे. त्यावर मर्यादा काय असाव्या हें त्या त्या बँकेनें ठरवावयाचें असतें. मुलाबरोबर बँकेंत जावें, पण अर्ज त्यालाच भरूं द्यावा. पंधराव्या वर्षीं घरांतील एखादी बाब, भाजीची म्हणा किंवा वाणसामानाची, महिनाभर मुलगा व मुलगी यांच्याकडे आळीपाळीनें सोंपवावी. कांद्याचा भाव वाढला म्हणजे काय होतें, हें वर्तमानपत्रापेक्षां त्या पिशवींतून अधिक लवकर कळतें.

धंद्याचीही चव अशीच देतां येते. दिवाळीस मुलें आकाशकंदील करतात. ते विकावयास सांगावें. कागद, काड्या, खळ, दोरा यांचा खर्च मांडावा. स्वतःच्या तासांचीही किंमत धरावी, कारण ती न धरल्यामुळेंच पुष्कळ लहान धंदे नफ्याच्या भ्रमांत बुडतात. वीस कंदिलांपैकीं आठ पडून राहिले तर आजोबांनीं दया येऊन ते विकत घेऊं नयेत. ते आठ कंदील कपाटावर दिसत राहूं द्यावेत. पुढच्या वर्षीं काय करावें हें तेच सांगतील : रंग बदलावा, भाव उतरावा, कीं दहाच करावेत.

यानें मुलांना पैशाची हांव सुटेल, अशी भीति कांहीं पालकांस वाटते. अनुभव बहुधा उलट असतो. शंभर रुपये मिळविण्यास किती खटपट पडते हें ज्यानें पाहिलें, तो दुसऱ्याच्या शंभर रुपयांचाही मान ठेवतो. घरकामास येणाऱ्या बाईच्या पगाराविषयीं तो अधिक समजुतीनें बोलतो. प्रत्येक मुलानें कारखानदार व्हावें असाही याचा अर्थ नाहीं. नोकरी करणाऱ्यालाही जमाखर्च आहेच. पुष्कळ धंदे बुडतात, आणि जो तोटा घराला सोसणार नाहीं तो ओढवून घेऊं नये, हीही याच शिक्षणाची एक बाजू आहे. व्यवसाय निवडतांनाही हीच संवय उपयोगीं पडते. त्या कामांत माणूस दिवसभर प्रत्यक्ष काय करतो, त्यांत स्थिर व्हावयास किती वर्षें लागतात आणि वाईट दिवस आले तर त्याचें काय होतें, हें प्रश्न त्या पेशांतील माणसाला जाऊन विचारावेसे त्याच मुलाला वाटतात, ज्याला आंकडा विचारण्याची लाज वाटत नाहीं.

पुढच्या निकालाच्या दिवशीं पेढे अवश्य वांटावेत. परंतु गुणपत्रिका पाहून झाली म्हणजे ती वहीही मुलाकडून मागून घ्यावी. तींत कोठें खाडाखोड असेल, कोठें न जुळलेली बेरीज असेल, कोठें आठ न खपलेल्या कंदिलांची खोट असेल. वडिलांनीं रागावूं नये. शेजारीं घराचीही वही उघडून ठेवावी, आणि तींतही एखाद्या वर्षीं कशी चूक झाली होती तें दाखवावें. बापलेकांनीं, मायलेकींनीं एकमेकांच्या चुका अशा समोरासमोर पाहिल्या म्हणजे मुलगा पुढें काय करणार, हा प्रश्न एकट्या मुलाचा राहत नाहीं, आणि त्याचें उत्तर शोधण्यास लागणारें धैर्य घरांतच सांपडतें.