दोन वर्षांची पदवी आणि पुढचें दार

कापडाचे तुकडे जमविले म्हणजे गोधडी होत नाहीं. ते एका मापानें कापावे लागतात, खालीं जुन्या लुगड्याचें अस्तर घालावें लागतें, आणि या कांठापासून त्या कांठापर्यंत धांवदोरा घालावा लागतो. तेव्हां कोठें अंगावर घेण्याजोगी वस्तु तयार होते. अमेरिकेंतील दोन वर्षांच्या आंतरविद्याशाखीय पदवीची गोष्ट अशीच आहे. थोडा इतिहास, थोडें गणित, थोडें मानसशास्त्र, थोडें जीवशास्त्र असें शिकत विद्यार्थी आपलें माप पुरें करतो. हे तुकडे नीट जोडले गेले तर ती पदवी. नाहीं तर नुसतें गांठोडें. आणि हें जोडकाम साधेल कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं कॉलेजाच्या निवडीवर अवलंबून असतें.

श्रोतेहो, न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्निया येथें स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी घरांतील नातू अशी पदवी घ्यावयास निघाला, कीं इकडे आजोबांना कोडें पडतें : दोनच वर्षांची पदवी, ती कसली? तिचा इतिहास पाहिला म्हणजे हें कोडें उलगडतें. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनीं चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे दोन भाग पाडले. त्यांच्याच प्रेरणेनें १९०१ सालीं इलिनॉय राज्यांतील जोलिएट येथें, हायस्कुलाच्या इमारतींत, अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशीं एक ज्युनिअर कॉलेज सुरू झालें. तें आजहि चालू आहे. पुढें १९४७ सालीं, अध्यक्ष ट्रूमन यांनीं नेमलेल्या आयोगाच्या अहवालामुळें ‘कम्युनिटी कॉलेज’ हें नांव सर्वतोमुखीं झालें. आणि आज तशा संस्थांची संख्या हजाराच्या आसपास आहे. तेव्हां ‘असोसिएट’ पदवी ही अर्धवट पदवी नव्हे. चार वर्षांच्या वाटेवरील ती मध्यावरची धर्मशाळा आहे. मात्र धर्मशाळेंत उतरण्यापूर्वीं तेथून पुढें रस्ता कोठें जातो, हें पाहणें अवश्य असतें.

तेथील शिक्षणाचा हिशेब ‘क्रेडिटां’वर चालतो. आठवड्यास तीन तास चालणारा विषय एका सत्रांत पुरा केला म्हणजे बहुधा तीन क्रेडिटें मिळतात. ६० क्रेडिटांस असोसिएट आणि १२० क्रेडिटांस बॅचलर पदवी, असें सर्वसाधारण मान आहे. कागदावर ६० आणि ६० मिळून १२० होतात. व्यवहारांत तसें नेहमींच होत नाहीं. अमेरिकन सरकारच्या हिशेब-तपासणी कार्यालयानें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें, २००४ ते २००९ या काळांत संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचीं सरासरीनें शेंकडा ४३ क्रेडिटें वायां गेलीं. नफ्यासाठीं चालविलेल्या खासगी संस्थेंतून सरकारी संस्थेंत जाणाऱ्यांचें नुकसान तर शेंकडा ९४ इतकें होतें. म्हणजे आईबापांचा पैसा आणि मुलाच्या उमेदीचीं वर्षें, दोहोंनाहि कात्री लागली.

आंतरविद्याशाखीय पदवीस हा धोका विशेष आहे, आणि त्याचें स्वरूप सहज ध्यानांत येत नाहीं. पुढील विद्यापीठ जुनें क्रेडिट स्वीकारतें खरें, परंतु तें मुख्य विषयाच्या खातीं न मांडतां ऐच्छिक विषयांच्या खातीं मांडतें. तें खातें भरलें, कीं उरलेलीं क्रेडिटें निरुपयोगी! समजा, एखाद्या मुलीस मानसशास्त्राची व समाजशास्त्राची गोडी आहे आणि पुढें समाजकार्यांत शिरावें असा तिचा मानस आहे. तिला ही पदवी शोभून दिसेल. परंतु एखाद्या मुलास अभियंता व्हावयाचें असेल, तर त्याला कॅल्क्युलस व पदार्थविज्ञान पहिल्या वर्षापासून क्रमानेंच शिकलें पाहिजे. तो दोन वर्षें चार विषयांची चव घेत बसला, तर हातीं पदवी येऊनहि अभियांत्रिकीच्या पहिल्याच पायरीवर तो उभा असेल.

म्हणून कॉलेजाची निवड शेवटाकडून आरंभाकडे करीत यावी. कॉलेज जवळ आहे कीं दूर, इमारत जुनी कीं नवी, हे विचार मागाहूनचे. पुढें कोणत्या विद्यापीठांत जावयाचें, तीं दोन-तीन नांवें प्रथम कागदावर लिहावींत. मग त्या विद्यापीठांशीं कॉलेजाचा क्रेडिटांविषयीं लेखी करार आहे काय, हें विचारावें. कांहीं राज्यांनीं ही सोय कायद्यानेंच केली आहे. न्यू जर्सींत २००७ सालीं, तर कॅलिफोर्नियांत २०१० सालीं तसे कायदे झाले. फ्लोरिडांत ‘आर्ट्स’ची असोसिएट पदवी घेतलेल्यास राज्याच्या विद्यापीठांपैकीं कोठें तरी प्रवेशाची हमी असते. मात्र अमुकच विद्यापीठ वा अमुकच अभ्यासक्रम मिळेल, अशी हमी नसते. कॅलिफोर्नियांतील हमी तर विशिष्ट नांवांच्या पदव्यांनाच आहे. तेव्हां आपल्या पदवीचें नेमकें नांव त्या यादींत आहे काय, हें डोळ्यांनीं पाहावें. शिवाय ‘आर्ट्स’ व ‘सायन्स’ या असोसिएट पदव्या पुढील शिक्षणासाठीं योजिलेल्या असतात, तर ‘अप्लाइड’ हा शब्द जोडलेली पदवी मुख्यतः नोकरीसाठीं असते. एका शब्दानें वाट बदलते.

दुसरी कसोटी मान्यतेची. कॉलेजास मान्यता देणारें मंडळ केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यानें मानलेलें आहे कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून एक डॉलरहि भरूं नये. कोरिंथियन या नफेखोर संस्थेचीं उरलेलीं कॉलेजें एप्रिल २०१५ मध्यें एकाएकीं बंद पडलीं, आणि सुमारें १६,००० विद्यार्थी उघड्यावर पडले. जाहिरातींची त्यांना कधींच वाण नव्हती.

तिसरी गोष्ट खर्चाची. सरकारी कम्युनिटी कॉलेजांत स्थानिक रहिवाशास फी बरीच कमी पडते. परगांवच्या वा परदेशच्या विद्यार्थ्यास ती जास्त असते. गरजू नागरिकांस मिळणारें ‘पेल’ अनुदान परत फेडावें लागत नाहीं. परंतु पूर्ण वेळ शिकणाऱ्यास तें जन्मांत सुमारें बारा सत्रांपुरतेंच मिळतें. क्रेडिटें वायां गेलीं, म्हणजे ही शिदोरीहि वाटेंतच संपत जाते.

एवढें पाहून झालें, कीं कॉलेजांतील सल्लागारास भेटावें आणि एकच प्रश्न विचारावा : ‘येथील कोणता विषय तेथें कोणत्या खातीं मांडला जाईल?’ उत्तर लेखी घ्यावें. जें कॉलेज हा तक्ता आनंदानें पुढें ठेवतें, तें निवडावें. जें ‘पुढचें पुढें पाहूं’ म्हणतें, तेथून नमस्कार करून निघावें.

हा प्रश्न आतां आपल्याकडेहि आला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची व पुन्हा परत येण्याची मुभा ठेविली, आणि २०२१ सालीं क्रेडिटें जमा ठेवणाऱ्या पेढीचे नियम झाले. पेढींत नाणें जमा असणें निराळें, आणि तें बाजारांत चालणें निराळें.

अनेक विषयांची ओढ असणें हा मुलाचा दोष नव्हे. तें कित्येकदां जागृत बुद्धीचें लक्षण असतें. अठराव्या वर्षीं सर्व कांहीं ठरलेलेंच असावें, असा हट्टहि कोणीं धरूं नये. मात्र न ठरलेल्या मुलालाच ठरलेल्या वाटेच्या कॉलेजाची अधिक गरज असते. तुकडे त्याच्या आवडीचे असोत; पण सुई कोणाच्या हातीं द्यावयाची, हें वडीलधाऱ्यांनीं त्याच्याशेजारीं बसून आधींच पाहून घ्यावें.