दोन पायऱ्या पुढे असलेल्यांचा हात

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात केलेले भाषण)





आजच्या मंगलप्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा अध्यक्षांनी मला केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी, शिक्षण बी. कॉम.पर्यंत. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही. परंतु आपल्या सभागृहात दर रविवारी सकाळी जो शरीरविज्ञान वर्ग भरतो, त्यात गेली दोन वर्षे मागच्या रांगेत बसणारा सर्वांत वयस्क विद्यार्थी मी आहे. त्या नात्याने बोलतो.

या वर्गात प्राध्यापक नाहीत. आपल्या शिष्यवृत्तीवर वैद्यक, औषधनिर्माणशास्त्र व जीवशास्त्र शिकणारी महाविद्यालयीन मुले-मुली आठवी ते दहावीच्या मुलांना शिकवतात. मी तिथे का जातो, हे सांगण्यासाठी मला १९७७ सालात जावे लागेल.

त्या वर्षी मी अकरावीला विज्ञान शाखेत प्रवेश घेतला होता. डॉक्टर व्हावे अशी इच्छा होती. पहिल्याच सत्रात टेबलावर मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून ठेवलेला बेडूक समोर आला आणि हातात सुरी दिली गेली. माझा हात पुढे झाला नाही. घरी कोणी रागावले नाही. उलट वडिलांना समाधानच वाटले. आठ दिवसांत मी वाणिज्य शाखेत गेलो आणि पुढे पेढीवर बसलो. बेडूक कापला नाही याचे मला आजही दुःख नाही. दुःख याचे आहे, की शरीराविषयीची माझी सारी जिज्ञासा मी त्याच दिवशी घडी घालून ठेवून दिली. माझी अडचण ऐकून घेणारा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा असा एकही विद्यार्थी त्या वेळी मला भेटला नाही.

आज परिस्थिती बदलली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांतील प्राणिविच्छेदन थांबवण्याचे निर्देश दिले. दार उघडले. पण उघड्या दारातून आत येण्यासही कोणीतरी हात धरावा लागतो.

तो हात कोणाचा असावा? आमच्या धंद्यातला अनुभव सांगतो. दुकानात नवा मुलगा लागला, की ताका कसा उलगडावा, घडी कशी मोडू नये, हे तो शेठजींकडून शिकत नाही. दोन वर्षांपूर्वी लागलेल्या मुलाकडून शिकतो. कारण आपली बोटे कुठे अडखळली होती, हे त्या मुलाला अजून आठवत असते. शेठजी ते केव्हाच विसरलेले असतात.

ही गोष्ट जगाने आपल्याच देशातून उचलली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एका अनाथाश्रमात डॉ. अँड्र्यू बेल नावाचे पाद्री होते. तेथील देशी मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली. ती रीत त्यांनी आपल्या शाळेत आणली आणि मोठ्या मुलांना लहानांचे शिक्षक केले. १७९७ साली त्यांनी लंडनमध्ये त्याचा वृत्तांत छापला आणि ‘मद्रास पद्धत’ म्हणून ती तिकडे पसरली. पुढे १९७८ साली डॉ. डेव्हिड मोर्ले या बालरोगतज्ज्ञांच्या पुढाकाराने लंडनमध्ये ‘चाइल्ड टू चाइल्ड’ हा उपक्रम सुरू झाला. मोठ्या मुलांनी धाकट्या भावंडांना आरोग्याचे धडे द्यावेत, ही त्याची कल्पना.

आता आपल्या वर्गात काय चालते, ते सांगतो. एका रविवारी मी दुकानातून मलमलीच्या पट्ट्या फाडून नेल्या. शिकवणाऱ्या दादाने एका मुलाच्या दंडावर पट्टी बांधली. हातावरची शीर फुगली आणि तिच्यावर बारीक गाठी दिसू लागल्या. त्या गाठी म्हणजे रक्त मागे येऊ न देणाऱ्या झडपा. दादाने एका बोटाने शीर दाबून धरली आणि दुसऱ्या बोटाने तिथपासून वरच्या झडपेपलीकडे रक्त सारले. मधला भाग रिकामाच राहिला. वरून रक्त खाली उतरेना. खालचे बोट उचलताच शीर क्षणात भरली. रक्त हृदयाकडेच वाहते, हे मुलांनी स्वतःच्या हातावर पाहिले. विल्यम हार्वे यांनी १६२८ साली आपल्या ग्रंथात हाच प्रयोग दिला आहे. झडपांचे वर्णन त्यांचे गुरू फॅब्रिशियस यांनी आधीच केले होते. त्या कशासाठी आहेत, हे मात्र शिष्याने ओळखले. हार्वे यांनी प्राण्यांवरही पुष्कळ प्रयोग केले होते, हेही त्या दादाने लपवले नाही.

दुसरा प्रसंग माझ्याशी संबंधित आहे. मी आठ वर्षे इन्सुलिन घेतो. नववीतल्या एका मुलीने विचारले, “आजोबा, तुमचे इन्सुलिन कशापासून बनते?” मला सांगता येईना. रोज शरीरात टोचून घेतो ते काय, हे मी कधी विचारलेच नव्हते! शिकवणारी ताई फार्मसीची विद्यार्थिनी. तिने सर्व सांगितले. १९२१ साली टोरोंटोत डॉ. बँटिंग यांच्यासोबत २२ वर्षांचा चार्ल्स बेस्ट काम करत होता. त्यांचे प्रयोग कुत्र्यांवर झाले. जानेवारी १९२२ मध्ये एका मुलाला पहिले इंजेक्शन मिळाले. पुढे अनेक दशके इन्सुलिन गायी व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ साली जीवाणूंकडून तयार करून घेतलेले मानवी इन्सुलिन बाजारात येण्यास मान्यता मिळाली. आता माझ्यासारखे बहुतेक जण तशाच पद्धतीने बनवलेले घेतात.

मुलगी म्हणाली, “पण ताई, जीवाणू हेही जीवच ना?”

सभागृहात शांतता पसरली. ताई म्हणाली, “होय, जीवच. याचे उत्तर माझ्या पुस्तकात नाही. ते आपण विचार करून, घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलून शोधायचे. पण तू प्रश्न विचारलास, हे फार चांगले केलेस.”

बंधू-भगिनींनो, १९७७ साली मला एवढेच हवे होते. प्रश्न न दडपता सोबत बसणारे कोणीतरी.

आता विनंती. येत्या जूनमध्ये शिकवणाऱ्यांपैकी सहा जण पदवी घेऊन बाहेर पडत आहेत. त्यांच्या जागी अद्याप दोनच नावे आली आहेत. पालक म्हणतात, मुलांच्या अभ्यासाचा वेळ जातो. मी हिशेबी माणूस आहे. हा हिशेब मला पटत नाही. शिकवायचे म्हटले, की विषय आधी स्वतः दोनदा वाचावा लागतो. दर पंधरा दिवसांनी दोन तास, एवढेच मागणे आहे. विश्वस्तांनीही शिष्यवृत्ती देताना ही अपेक्षा प्रेमाने सांगावी. सक्ती मात्र करू नये. सक्तीने शिकवणारा मुलांना लगेच ओळखू येतो. आणि शिकवणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे: आपण अजून डॉक्टर नाही. कोणी दुखणे सांगितले, तर औषध सुचवू नये, डॉक्टरांकडे पाठवावे.

पन्नास वर्षे या संस्थेने उदार हस्ते द्रव्य दिले. त्याची नोंद हिशेबवहीत आहे. यापुढे वेळेचे दानही जमेच्या बाजूस लिहिले जावे. हा वर्ग शिकवणाऱ्यांअभावी बंद पडू देऊ नका. मलमलीच्या पट्ट्या मी पुरवीन. हात तुमचे हवेत.