रुग्णालयातील आंत्रविकार आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजारी माणसाच्या समाचाराला जाणे हा आपल्या ज्ञातीचा जुना व स्तुत्य प्रघात आहे. त्याविरुद्ध बोलण्याचा आमचा हेतू नाही. तो अधिक डोळसपणे कसा पाळावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम घरचाच अनुभव सांगतो. आमच्या आत्याबाई मांडीचे हाड मोडल्यामुळे रुग्णालयात होत्या. शस्त्रक्रिया उत्तम झाली, जखमही भरत आली. नवव्या दिवशी त्यांना जुलाब सुरू झाले. घरचा डबा बाधला असावा असे समजून आम्ही डॉक्टरांना न विचारता जुलाब थांबविण्याच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत पोट फुगले, ताप चढला, आणि हाडाच्या दुखण्यातून सुटलेल्या आत्याबाई आतड्याच्या दुखण्याने अत्यवस्थ झाल्या. पुढे त्या वाचल्या. परंतु आमची चूक आम्ही विसरलेलो नाही.

या रोगाच्या जंतूचे नाव क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल. १९३५ साली तो प्रथम नवजात बालकांच्या विष्ठेत आढळला. प्रयोगशाळेत वाढविण्यास कठीण, म्हणून 'अवघड' या अर्थाचे नाव त्यास मिळाले. प्रतिजैविक औषधांनंतर होणाऱ्या आतड्याच्या तीव्र दाहाचे मूळ तोच, हे १९७८ साली सिद्ध झाले. आपल्या आतड्यात असंख्य उपकारक जंतू नांदत असतात व ते अशा उपऱ्यास थारा देत नाहीत. प्रतिजैविक औषधे रोगजंतूंबरोबर या रखवालदारांचाही संहार करतात. मग मोकळ्या घरात चोर शिरावा तसा हा जंतू फोफावतो आणि त्याच्या विषाने आतड्याचे अस्तर सुजते. वृद्धांना त्याचे भय विशेष.

हा जंतू विष्ठेवाटे बाहेर पडतो व कठीण कवचाच्या बीजाणूंच्या रूपाने खाटेच्या कठड्यावर, शौचपात्रावर, दाराच्या मुठीवर महिनोन्महिने टिकतो. २०२० सालच्या करोनाच्या साथीत आपण सॅनिटायझर वापरावयास शिकलो; परंतु हे बीजाणू त्यातील अल्कोहोलला दाद देत नाहीत. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुतले, तरच ते निघून जातात. खोली स्वच्छ करण्यासही साधा साबण पुरत नाही; क्लोरीनयुक्त द्रावणच लागते.

तेव्हा आपले कर्तव्य काय? रुग्णाच्या खाटेवर बसू नये. त्याच्याजवळ जाण्यापूर्वी व तेथून निघताना हात धुवावेत. शौचालयाहून आल्यावर आणि जेवणापूर्वी रुग्णाचेही हात धुवावेत. प्रतिजैविक औषध डॉक्टरांच्या सांगण्यावाचून घेऊ नये. सर्दीपडशासाठी त्याचा हट्ट तर मुळीच धरू नये. अशी औषधे चालू असता, अथवा ती संपल्यावर काही आठवड्यांतही, दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पातळ जुलाब झाले तर डॉक्टरांस तत्काळ कळवावे. त्यावर उपचार आहेत. मात्र जुलाब बळेच रोखणे धोक्याचे ठरू शकते.

समाचारास जाताना आपण फळे नेतो, धीर नेतो. ज्याला भेटावयाचे, त्याच्याकडे आपल्या हातून रोग जाऊ नये, एवढी खबरदारीही सोबत न्यावी, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.