दुफळी आणि तडजोड
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षे पूर्ण झाली. अशा आनंदाच्या प्रसंगी मी काही गोड बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. देवळाच्या पायाभरणीची आणि पूर्वीच्या धर्मगुरूंच्या कष्टांची हकीकत इतर वक्ते माझ्याहून चांगली सांगतील. मी जो विषय घेतला आहे, तो आपल्या उत्सव-समितीनेच मजपुढे आणून ठेविला.

ह्या व्यासपीठावर आज एकही राजकीय पुढारी नाही, हे आपण पाहातच आहा. ते कसे घडले, हे पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु ते जितक्या तोंडांनी सांगितले गेले तितके त्याचे प्रकार झाले आहेत, म्हणून मीच सांगतो. समितीतील काही सभासदांस एका पक्षाचे पुढारी प्रमुख पाहुणे म्हणून हवे होते, इतरांस दुसऱ्या पक्षाचे. पहिल्या बैठकीत आवाज चढले. दुसऱ्या बैठकीस जो तो विरुद्ध पुढाऱ्याच्या अपराधांची यादी मोबाईलमध्ये भरून घेऊन आला. तिसऱ्या बैठकीत दोघांनी राजीनामे माझ्या हाती दिले. शेवटी समितीतील एका वयोवृद्ध भगिनीने सुचविले की, पुढारी कोणीच नको. पायाभरणीच्या वेळी ज्यांनी डोक्यावर दगड वाहिले, त्यांपैकी जे हयात आहेत त्यांस वर बसवावे. ते आज वर बसले आहेत. मला वाटले, प्रश्न मिटला. परंतु बाहेर पडताना दोन्ही बाजूंच्या मंडळींच्या तोंडी एकच वाक्य होते: "आपण हरलो." एवढी सुंदर तोड निघाली असताना दोन्ही पक्ष हरले कसे, ह्याचा मी तेव्हापासून विचार करीत आहे.

मतभेद पूर्वी नव्हते असे नाही. परंतु आज राजकारणातील मत हे मनुष्याच्या जातीकुळीसारखे होऊन बसले आहे. ते बदलणे म्हणजे बाटणे, आणि दुसऱ्याचे थोडे मान्य करणे म्हणजे फितूर होणे, असे मानले जाते. तडजोड हा शब्दच आपण "विकला गेला" ह्या अर्थाने वापरू लागलो आहो. म्हणून आपल्या देशाची राज्यघटना कशी तयार झाली, त्यातील आपल्याशी निकट संबंध असलेला भाग मी आज सांगणार आहे.

घटनासमिती ९ डिसेंबर १९४६ रोजी प्रथम भरली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी तिने घटना स्वीकारली. मधल्या काळात देशाची फाळणी झाली, रक्ताचे पाट वाहिले आणि महात्मा गांधींची हत्या झाली. तडजोडीस ह्याहून प्रतिकूल काळ कोणता असू शकेल? अशा काळात ख्रिस्ती समाजापुढे एक प्रश्न उभा होता. १९३५ च्या कायद्याने हिंदी ख्रिस्ती लोकांस प्रांतिक कायदेमंडळांत वेगळ्या मतदारसंघांतून आपले प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला होता. ऑगस्ट १९४७ मध्ये वेगळे मतदारसंघ काढून टाकावेत, परंतु अल्पसंख्याकांस काही जागा राखून ठेवाव्यात, असे ठरले. पुढे त्या राखीव जागाही सोडाव्यात, असा विचार पुढे आला. ११ मे १९४९ रोजी सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीत तसा ठराव मांडणारे गृहस्थ स्वतः ख्रिस्ती होते. ते म्हणजे बंगालचे प्राध्यापक हरेंद्रकुमार मुखर्जी, घटनासमितीचे उपाध्यक्ष. मद्रासहून निवडून आलेले येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा ह्यांचाही ह्या त्यागास पाठिंबा होता. त्याच महिन्याच्या अखेरीस घटनासमितीने तो निर्णय मान्य केला.

जागा हाती असताना त्या सोडणे सोपे नव्हते. कोणी म्हणेल, भोळेपणा केला. परंतु ह्याच मंडळींनी एका ठिकाणी पाऊल मागे घेतले नाही. धर्म पाळण्याच्या व आचरण्याच्या स्वातंत्र्याबरोबर धर्माचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्यही घटनेत शब्दशः लिहिलेले असावे, असा त्यांचा आग्रह होता. शुभवर्तमान सांगणे हा आपल्या श्रद्धेचाच भाग आहे. तेथे देवघेव नाही.

आता समोरच्या बाजूकडे पाहा. पुरुषोत्तमदास टंडन हे काँग्रेसचे थोर पुढारी आणि हिंदीचे कट्टर अभिमानी. धर्मांतराची कल्पना त्यांस मुळीच रुचत नव्हती, आणि ते त्यांनी १ मे १९४७ रोजी भर सभेत लपवून ठेविले नाही. तरी प्रसार हा शब्द आपण ख्रिस्ती मित्रांस बरोबर घेऊन चालण्याकरिता मान्य केला आहे, असेही त्यांनी सांगितले. ६ डिसेंबर १९४८ रोजी हा शब्द पुन्हा चर्चेस आला. लोकनाथ मिश्रांनी त्यावर कडक हल्ला केला. तेव्हा कन्हैयालाल मुनशी उभे राहिले आणि म्हणाले की, अल्पसंख्याकांशी झालेल्या समेटात मी स्वतः सहभागी होतो आणि ख्रिस्ती समाजाने सर्वांत अधिक भर ह्याच शब्दावर दिला होता. दिलेले वचन पाळावयाचे, हा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मद्रासचे कृष्णम्माचारी म्हणाले की, आपण सुमारे चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, परंतु आपणांस बाटविण्याचा यत्न कोणी केला नाही. आपल्या शाळा चालविणाऱ्यांनी हे साक्षीचे वाक्य विसरू नये. तो शब्द टिकला, आणि आज २५ व्या कलमात आहे.

हेच टंडनजी सप्टेंबर १९४९ मध्ये अंकांच्या प्रश्नावर मात्र आपल्या मतास घट्ट धरून राहिले. राज्यकारभाराची भाषा हिंदी आणि लिपी देवनागरी हे बहुतेकांस मान्य झाले होते. परंतु आकडे नागरी असावेत की जगभर चालणारे, ह्यावर दिवसचे दिवस वाद झाला. आज आपणांस हसू येईल. परंतु आपल्या समितीत पत्रिकेच्या रंगावरून काय झाले ते आठवा म्हणजे हसू आवरेल. शेवटी मुनशी व गोपालस्वामी अय्यंगार ह्यांनी तोड काढली: हिंदी देवनागरीत, आकडे आंतरराष्ट्रीय, आणि पंधरा वर्षे इंग्रजीही चालावी. पंधरा वर्षांनी १९६५ साली मद्रासेत आगडोंब उसळला, आणि इंग्रजी आजतागायत चालूच आहे. ती तोड कोणासच पूर्ण आवडली नव्हती. तरी तिने देश एकत्र ठेविला, असे माझे मत आहे.

तडजोडीची स्तुती करताना तिचे व्रण झाकणे मला योग्य वाटत नाही. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली लावला. वाद संपलेला नाही. आणि १९४९ साली आपल्या पुढाऱ्यांनी जागा सोडल्या, तेव्हा ते बहुधा शिकलेल्या ख्रिस्ती लोकांचा विचार करीत होते. अहमदनगरकडील खेड्यांतील आपले दलित ख्रिस्ती बांधव त्या मेजाभोवती कितीसे होते? पुढच्याच वर्षी, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने, अनुसूचित जातींच्या सवलती केवळ हिंदूंपुरत्या ठरल्या. शिखांस त्या १९५६ साली आणि बौद्धांस १९९० साली मिळाल्या; ख्रिस्ती दलितांस अद्याप नाहीत. तो आदेश ह्या समेटाचा भाग नव्हता, हे खरे. तरी दोन पक्ष हात मिळवितात तेव्हा त्याची किंमत बैठकीस न बोलाविलेला तिसराच देत नाही ना, हे पाहिले पाहिजे.

प्रेषितांच्या कृत्यांतील पंधरावा अध्याय आपण घरी वाचावा. विधर्मीयांतून आलेल्यांनी सुंता करावी की नाही, हा प्रश्न यरुशलेमेच्या सभेत निघाला, तेव्हा सुंतेचे ओझे कोणावर लादू नये असे ठरले. परंतु मूर्तीस वाहिलेले अन्न, रक्त व गुदमरून मारलेले प्राणी वर्ज्य करावेत, असेही ठरले. कारण यहुदी बांधवांस त्यांच्याबरोबर जेवावयास बसता आले पाहिजे. श्रद्धेतील गाभा सोडला नाही, ताटातील पदार्थ सोडले. आणि गंमत पाहा, त्याच अध्यायाच्या शेवटी पौल व बर्णबा योहान मार्कास बरोबर न्यावे की नाही, ह्यावरून इतके भांडतात की दोघे दोन दिशांस निघून जातात! सेमिनरीत असताना मला ह्या भागाची लाज वाटे. आता तो तेथे आहे ह्याचा आधार वाटतो. पुढे त्याच मार्काविषयी पौलाच्या पत्रांत प्रेमाने लिहिलेले आढळते.

माझाही एक अपराध सांगतो. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा गावे तीत असावीत की नसावीत ह्यावरून आपल्या भागात घरोघरी वाद होते. मी तेव्हा दुसऱ्या धर्मग्रामात साहाय्यक होतो. एका रविवारी वेदीवरून मी असा बोललो, जणू ह्या प्रश्नास एकच बाजू आहे आणि दुसरी बाजू घेणारा स्वार्थीच असला पाहिजे. तिसऱ्या बाकावरचा एक मनुष्य शांतपणे उठला आणि बाहेर गेला. तो वर्षभर त्या देवळात आला नाही. माझे मत आजही तेच आहे. परंतु त्याचे म्हणणे काय होते, हे मी त्यास कधी विचारलेच नाही. पुढे माझी बदली झाली.

आपल्या समितीच्या दोघा सभासदांचे राजीनामे अद्याप माझ्या मेजाच्या खणात आहेत. मी ते स्वीकारलेले नाहीत. स्मरणिकेतील समितीची यादी छापावयास गेली, तेव्हा दोघांची नावे मी तशीच राहू दिली आहेत. एकाखाली एक आली आहेत, तो केवळ वर्णक्रमाचा योग आहे. हिशोबाची बैठक पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आहे. दोघांसही निरोप गेला आहे, आणि दोघांच्या खुर्च्या मांडलेल्या असतील.