ठोकर लहान, वाद मोठा



आता आपल्या गटांतल्या बायका नुसत्या गाडीत बसत नाहीत, गाडी चालवतात. कुणी स्कूटीवरून डेअरीला दूध घालते, कुणी टेम्पोतून बाजाराला माल नेते. म्हणून आज एका नेहमीच्या भांडणाबद्दल बोलू या. मागून गाडी येऊन धडकते, कुणाला लागत नाही, पण ‘नुकसान किती?’ यावरून रस्त्यातच वाद पेटतो.

दिवाळीच्या आधी आमच्या गटाचा छोटा टेम्पो पापडाची खोकी घेऊन तालुक्याला निघाला होता. चालवत होती आमच्यातलीच एक ताई. गतिरोधकापाशी तिने वेग कमी केला आणि मागून कार धडकली. कारवाले दादा बोलतच उतरले, “बाई, एकदम ब्रेक मारलात तुम्ही. थोडंसं चेपलंय, पाचशे घ्या आणि मिटवा.” माणसं जमली. “घ्या की ताई, सणासुदीला कशाला वाढवता?” असं तीही म्हणू लागली. पण टेम्पो कर्जावरचा. दुरुस्तीचा पैसा दहा जणींच्या बचतीतून जाणार.

ताईने आवाज चढवला नाही. म्हणाली, “दादा, खर्च किती ते आपण दोघं कसं सांगणार? गॅरेजवाला सांगेल.” गाड्या हलवण्याआधी तिने मोबाइलवर फोटो काढले: दोन्ही गाड्या, नंबरप्लेट, चेपलेला भाग, गतिरोधक. मग गाड्या बाजूला घेतल्या आणि दादांचं नाव, पत्ता, फोन नंबर लिहून घेतला. असं विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३२ प्रमाणे ज्याचं नुकसान झालं त्याने स्वतःचं नाव-पत्ता देऊन मागितलं, तर चालकाला आपलं आणि गाडीमालकाचं नाव-पत्ता द्यावं लागतं.

गॅरेजमध्ये कळलं, बाहेरून चेप लहान, पण फाळक्याची बिजागरी वाकली होती. खर्च निघाला ३,८०० रुपये. दादा बघायला आले आणि म्हणाले, “हा डावीकडचा चेप जुना आहे, गंजलाय.” खरंच जुना होता. त्याचे ७०० रुपये आम्ही लगेच वगळायला सांगितले. मग मात्र त्यांचा आवाज उतरला. उरलेले ३,१०० त्यांनी गॅरेजवाल्याला दिले. जुनं दुखणं नव्या हिशेबात घातलं नाही, म्हणून आपल्या बाकीच्या बोलण्याला वजन आलं.

‘एकदम ब्रेक मारला’ हे नेहमी ऐकायला मिळतं. पण पुढची गाडी अचानक थांबली तरी आपल्याला थांबता येईल इतकं अंतर मागच्याने ठेवायचं असतं, असा नियम आहे. मात्र आपले मागचे ब्रेक-लाइट बंद असतील तर दोष आपल्याकडेही येतो. ते दर आठवड्याला तपासा.

विम्याचंही समजून घ्या. कायद्याने सक्तीचा असतो तो थर्ड पार्टी विमा. तो आपण दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरतो, आपल्या गाडीचं नाही. आपल्या गाडीसाठी वेगळा, सर्वसमावेशक विमा लागतो. त्यातून पैसे घेतले की पुढच्या हप्त्यावरची ‘नो क्लेम बोनस’ची सूट जाते. ही सूट २० ते ५० टक्के असते. म्हणून खर्च लहान असेल तर आधी हिशेब करा, मग ठरवा.

आपसात मिटवलं तर रक्कम, तारीख, गाड्यांचे नंबर लिहून दोघांच्या सह्या घ्या. खर्च कळायच्या आत ‘आमची तक्रार नाही’ अशा कागदावर सही करू नका.

आणि कुणाला लागलं असेल तर मिटवामिटवी नकोच. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा, ११२ वर पोलिसांना कळवा. मानेचं दुखणं कधीकधी दुसऱ्या दिवशी जाणवतं, तेही अंगावर काढू नका.

मैत्रिणींनो, रस्त्यावर फक्त काय घडलं ते नोंदवायचं, रक्कम गॅरेजमध्ये ठरवायची. पुढच्या बैठकीत गटातल्या प्रत्येक गाडीचे विम्याचे कागद काढा आणि मुदत कधी संपते ते वहीत लिहून ठेवा.